जवळजवळ जोडलेली वाट

माझं निम्मं आयुष्य अंधाऱ्या खोलीत गेलं असं सांगितलं की लोक कळवळतात. तसं काही नाही. माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि मी डोळे तपासते. दुकानामागची खोली लांबुळकी आहे. एका टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. मधे मी, हातात काचांची पेटी घेऊन. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" हा एकच प्रश्न मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत विचारत असते.

त्या दिवशी खुर्चीवर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. खालच्या ओळीपर्यंत त्या छान वाचत आल्या आणि मी पुढची काच घालताक्षणी म्हणाल्या, "आता तर काहीच दिसत नाही हो." मी काच काढून पुसायला घेतली. मग माझ्या ध्यानात आलं की तक्ताच विझलाय.

फ्यूज उडाला असेल म्हणून मी बाहेर आले. समोरच्या केशकर्तनालयातला कारागीर अर्धी हजामत झालेल्या माणसाला घेऊन दारात उभा होता. चौकातले सिग्नल मेले होते. भुयारी रेल्वेच्या जिन्यातून माणसं डोळे चोळत वर येत होती. कुणीतरी म्हणालं, नदीपलीकडेही गेलीय. कुणी म्हणालं, सगळ्या शहराची गेलीय.

तेवढ्यात फोन वाजला. जावयांचा होता. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि ते तिला दवाखान्यात घेऊन पोचले होते. तारखेला अजून बराच अवकाश होता. मी काही विचारणार तोच आवाज तुटला आणि त्यानंतर फोन मुका झाला तो झालाच.

दवाखाना शहराच्या उत्तर टोकाला, मोठ्या तलावाकाठी. आमचं दुकान दक्षिण टोकाला. मागच्या खेपेला लेकीचं सगळं अर्ध्यावरच संपलं होतं. म्हणून या वेळी तिने मला बजावून ठेवलं होतं, "आई, तू येशील तेव्हाच मी ओरडेन. तोवर दात आवळून बसेन." ती बसेल, याची मला खात्री होती. लहानपणापासून शब्दाची पक्की आणि हट्टाची त्याहून पक्की.

मी शटर ओढत होते तेव्हा आमचे हे आले. हे महापालिकेच्या उद्यान खात्यात नकाशे काढतात. शहरातल्या सुट्या सुट्या बागा, कालव्याचे काठ, बंद पडलेले रेल्वेचे बांध, टेकड्या, माळ, हे सगळं एका पायवाटेने जोडायचं, हे यांच्या टेबलावरचं काम. किती वर्षं चाललंय ते आता आम्हीही मोजत नाही. घरात याची थट्टाच व्हायची. माझा भाऊ यांना बघितलं की विचारायचा, "काय दाजी, यंदा कुठल्या बागेचं कुठल्या बागेशी जमवलंत?" हे हसायचे आणि आणखी एखादी बाग जमवायचे. मी स्वतः दुकानामागच्या बागेपलीकडे त्या वाटेवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथेही एकदा बाकावर बसले, तर पाखराने खांद्यावर प्रसाद दिला, तेव्हापासून तेही सोडलं.

यांनी लेकीची बातमी ऐकली, रस्त्याकडे बघितलं. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, मुंगीलाही वाट नव्हती. हे म्हणाले, "चालत जाऊ."

"चालत? त्या टोकाला?"

"सगळी वाट जोडलेली आहे." मग घसा साफ करून म्हणाले, "जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय?"

"तू चल, वाटेत सांगतो."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'वाटेत सांगतो' म्हणजे काय ते बायकोला कळतं. पण दुसरा मार्ग नव्हता. पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही दुकानामागच्या बागेत शिरलो.

बागेच्या कोपऱ्यात करवंदासारखी दाट जाळी होती. ती बागेची हद्द असं मी समजत होते. तिच्या आडून एक वाट खाली उतरत होती आणि थेट कालव्याच्या काठाला लागत होती. मी या बागेच्या पाठीला पाठ लावून दुकान चालवलं आणि इथे पाणी वाहतं हे मला ठाऊक नव्हतं. काठाने वाकलेली झाडं होती, त्यांच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या. वर कुठेतरी उड्डाणपूल होता. त्याच्यावर हॉर्न वाजत होते, पण खाली ते आवाज दुसऱ्याच्या घरातल्या भांडणासारखे वाटत होते.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मग पुलाच्या जिन्यावरून एक बाई उतरली, उंच टाचांचे बूट हातात घेऊन. तिने विचारलं, ही वाट कुठे जाते? यांनी सांगितलं. ती मागे आली. मग अंगावर पिठाचे डाग असलेला एक पावभट्टीवाला आला. मग एका म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत एक कोटातला तरुण. दोघं एकमेकांचे कुणी नव्हते, बंद पडलेल्या बसमध्ये ओळख झाली होती. प्रत्येक पुलापाशी, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी माणसं वाट पाहत असल्यासारखी उभी होती आणि आम्हाला बघून चालू लागत होती. बघता बघता आमच्यामागे वरातीएवढी माणसं झाली.

आणि मग यांनी आम्हाला हरवलं.

महापालिकेच्या रोपवाटिकेपलीकडे पाणथळ जागा होती, उंच लव्हाळ्याची. लव्हाळ्यातून लाकडी फळ्यांची वाट जात होती आणि मधेच तिला दोन फाटे फुटत होते. यांनी एक क्षण डोळे मिटले, टेबलावरचा कागद आठवला असावा, आणि छातीठोकपणे डावीकडे वळले. आम्ही सगळे मागोमाग. थोड्या वेळाने वाट एका टायरांच्या गोदामाच्या भिंतीला जाऊन थडकली. हे भिंतीकडे बघत राहिले. मागून माणसं येऊन एकमेकांवर आदळत होती.

पावभट्टीवाल्याने विचारलं, "साहेब, तुम्ही या वाटेने आधी कधी गेलायत ना?"

"कागदावर," हे म्हणाले.

मी मान खाली घातली. पण लोक हसले, मनापासून हसले, आणि रांग उलटी फिरली. पाठीमागे राहिलेल्या एका बाईंच्या हातातल्या साखळीला कुत्रा होता. तो रोज याच वाटेने फिरायला येत असावा, कारण फाट्याशी आल्यावर त्याने उजवीकडे असा हिसका दिला की बाई फरफटत गेल्या. नकाशा काढणाऱ्याच्या मागे निघालेला जथा अशा रीतीने कुत्र्याच्या मागे लागला. हेही.

लव्हाळी संपली आणि जुन्या रेल्वेचा बांध चढून आम्ही वर आलो. रूळ केव्हाच काढून नेले होते. खडीमधून झाडं उगवली होती आणि त्यांच्या फांद्या वर एकमेकींत मिसळून लांबच लांब मांडव झाला होता. बांध घरांच्या दुसऱ्या मजल्याइतका उंच होता. दोन्ही बाजूंना लोकांची स्वयंपाकघरं, वाळत घातलेले टॉवेल, गॅलरीत बसलेली माणसं. एका खिडकीतून एका आजीबाईंनी पाण्याचा जग पुढे केला. आम्ही हात लांब करून तो घेतला, प्यालो, मागच्याला दिला. जग रांगेतून मागे मागे जात दिसेनासा झाला. आजीबाई म्हणाल्या, राहू दे, घरात आणखी आहेत.

इथेच मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी थांबलंय. शहरात एक घरघर असते, यंत्रांची, पंख्यांची, गाड्यांची. जन्मापासून ऐकत असल्याने ती आपल्याला ऐकूच येत नाही. ती थांबली होती. तिच्या जागी आमच्या पावलांचा आवाज होता, खडीवरचा, शेकडो पावलांचा, आणि वर फांद्यांमध्ये पाखरं. इतकी पाखरं रोजच बोलत असतात का, असं मी यांना विचारलं. हे म्हणाले, रोजच बोलत असणार, त्यांना कोण सांगणार आज वीज गेलीय म्हणून.

बांध टेकडीला टेकला. चढ सरळ उभा होता. मी मधेच बसले, पुन्हा उठले. लेक दात आवळून बसली असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर पुढे चालू लागलेली बूटवाली बाई एकदम थांबली, तिच्यामागे आम्ही थांबलो, आणि मी मागे वळून बघितलं.

आम्ही आलो होतो ती वाट खाली पूर्ण दिसत होती. दुरून शहर म्हणजे नुसती सिमेंटची चळत, अशी माझी समजूत होती. पण त्या चळतीतून एक हिरवी रेघ वळणं घेत चालली होती. कुठे रुंद, कुठे सुतासारखी बारीक, कालव्याशी, लव्हाळ्याशी, बांधाशी, कुठेही न तुटता. आणि ती रेघ हलत होती. झाडांच्या फटीफटींतून माणसं चालत होती. आमच्यामागे शेकडो आहेत असं मला वाटलं होतं. ते हजारो होते. दुसऱ्या बाजूंनीही अशाच रेघा येऊन मिळत होत्या, पूर्वेकडून एक, नदीकडून एक, आणि त्यांच्यावरही माणसं होती. सगळं शहर घरी चाललं होतं, पायी, झाडांखालून, आणि कुणीही कुणाला ढकलत नव्हतं.

मी यांच्याकडे बघितलं. यांचं बोट हवेतच त्या रेघेवरून फिरत होतं, टेबलावरच्या कागदावर फिरतं तसं. शेवटी मीच म्हटलं, "अहो, चला."

टेकडी उतरताना यांनी 'जवळजवळ'चा अर्थ सांगितला. खाली पाणीखात्याची जागा होती, उंच भिंतीआड. तिच्यापलीकडे तलावाकाठची वाट. ही एवढीच जागा काही केल्या मिळाली नव्हती. उद्यान खात्याने मागायची आणि पाणीखात्याने नाही म्हणायचं, असं यांच्या उमेदवारीच्या दिवसांपासून चाललं होतं. तिथे रंगवलेला एक बाण लोकांना हमरस्त्याकडे वळवायचा, पण आज हमरस्ता गाड्यांनी भरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा बंद फाटकासमोर दाटी झाली होती. आतल्या बाजूला एक पहारेकरीण उभी होती, पन्नाशीची, खाकी शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. ती ओरडत नव्हती. प्रत्येकाला तेच सांगत होती, की वरून सांगितल्याशिवाय तिला उघडता येत नाही, आणि वर विचारायला फोन चालत नाही. लोकही चिडले नव्हते, थकले होते. चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याची मान कलली होती. मागून माणसं येतच होती.

मी पुढे झाले आणि तिला लेकीचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, तुम्हाला एकटीला सोडेन. पण मग यांना काय सांगू?"

तेव्हा हे माझ्या शेजारी आले आणि फाटकाच्या गजांतून आत बघू लागले. मान डावीउजवीकडे करून, एखाद्या पोरासारखे. मग तिला विचारलं, "आत झाडांची दुहेरी रांग आहे ना? आणि त्या रांगेच्या शेवटी गोल हिरवळ?"

तिने यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही आत आला होतात?"

"नाही. जुन्या नकाशात बघितलंय. रोज बघतो. ती झाडं जिवंत आहेत का, एवढंच विचारायचं होतं."

पहारेकरणीने मागे वळून झाडांकडे बघितलं. मग म्हणाली, "जिवंत म्हणजे काय. मी रोज त्यांच्याखालून एकटी जाते. घरी जाऊन सांगते तर कुणाला खरं वाटत नाही." तिने मागच्या गर्दीवरून नजर फिरवली, म्हाताऱ्यापाशी ती थांबली. आणि तिने कमरेची किल्ली काढली.

"एक ऐका," ती सगळ्यांना म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून सगळे जास्तच शांत झाले. "आत बगळ्यांची पिल्लं आहेत. कुणी बोलायचं नाही. वाट सोडायची नाही. मागच्यांना सांगा, ते त्यांच्या मागच्यांना सांगतील."

पुढे तिला या गोष्टीबद्दल ताकीद मिळाली. पण त्या दिवशी आत गेलेली इतकी माणसं तिच्या बाजूने उभी राहिली की ती ताकीद कुठे गेली ते कळलंच नाही. फाटक आता दिवसा उघडं असतं. पिल्लांच्या दिवसांत मात्र ते बंद ठेवायचं असं तिनेच ठणकावून सांगितलं आणि यांनी ते पहिल्या वाक्यालाच मान्य केलं. पण हे नंतरचं.

तेव्हा आम्ही आत शिरलो.

झाडं इतकी जुनी होती की खोडाला चार माणसांचे हात पुरले नसते. दोन्ही बाजूंनी ती सरळ वर गेली होती आणि वर, फार वर, उन्हाचे कवडसे हलत होते. प्रत्येक शेंड्यावर घरटी होती आणि प्रत्येक घरट्याशी पांढरे बगळे. फांद्या वाकल्या होत्या पांढऱ्या पक्ष्यांनी. त्यांनी माना वळवून आमच्याकडे बघितलं. उडालं कुणीच नाही. माझ्या मागे कितीतरी माणसं होती आणि कुणी खोकलंही नाही. पोरांनीसुद्धा तोंडावर हात धरले होते. चाकाच्या खुर्चीचं एक चाक तेवढं मधूनमधून करकरत होतं आणि दर वेळी कोटातला तरुण दचकत होता. म्हाताऱ्याने मान सरळ केली होती. तो वर बघत होता.

रांगेच्या शेवटी गोल हिरवळ आली. तिच्यात ठिकठिकाणी लोखंडी जाळी लावलेली, हवा खेळायची धुराडी होती, गुडघ्याएवढी. पहारेकरणीने मला खुणेने एका जाळीपाशी कान न्यायला सांगितलं. मी वाकले. खालून गार वारा आला, आणि पाण्याचा आवाज, खोल, घुमणारा, मोठ्या गुहेत कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा. हिरवळीखाली टाकी होती. अर्ध्या शहराचं प्यायचं पाणी तिथे, माझ्या पायाखाली, अंधारात उभं होतं. मी रोज सकाळी नळ सोडते. ते इथून येतं, या झाडांखालून, या पाखरांखालून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती जाळी दोन्ही हातांनी धरली. एवढं मोठं काहीतरी आपल्याला न विचारता आपल्याला सांभाळत असतं, ते अचानक समोर आलं होतं.

मी सरळ झाले तर हे चष्मा काढून उभे होते. काच पुसत नव्हते. चष्म्याशिवाय यांना चार हातांपलीकडचं दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी चष्मा यांच्या हातातून घेतला, ओढणीने पुसला आणि यांच्या नाकावर ठेवला. "बघा नीट," मी कुजबुजले. यांनी मान हलवली आणि बघितलं.

पलीकडच्या फाटकातून बाहेर पडलो आणि तलाव समोर आला. सूर्य पाण्याला टेकला होता. काठाने दवाखान्यापर्यंत आम्ही जवळजवळ धावलोच.

दवाखान्यात जनरेटरवर मोजके दिवे चालू होते. जावई दारात होते, त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. म्हणाले, आई, ती काही बोलतच नाहीये, नुसती पंखा बघत पडलीय. मी आत गेले. लेकीने मला बघितलं, माझ्या चिखलाने भरलेल्या चपला बघितल्या, विस्कटलेले केस बघितले.

"कशी आलीस?" तिने विचारलं.

"चालत. बाबा पण आलेत."

"चालत," ती म्हणाली. मग तिने माझा हात धरला, डोळे मिटले आणि अशी ओरडली की बाहेर यांनी भिंतीचा आधार घेतला म्हणे. सुईण म्हणाली, हां, आता कशी कामाला लागली.

अंधार पडता पडता मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद, चिडलेली. यांच्या हातात दिली तर यांनी तिला दोन्ही तळव्यांवर तोलून धरलं, श्वासही घेत नव्हते. बगळ्यांखालून चालताना असेच चालत होते. लेकीला झोप लागली, तेव्हा आम्ही खिडकीशी गेलो. शहरात एकही दिवा नव्हता आणि आकाश ताऱ्यांनी खचाखच भरलं होतं, काळं कमी, चांदणं जास्त. खाली तलावाकाठच्या वाटेने अजून माणसं येत होती. दिसत नव्हती, पण त्यांची हलकी, सावकाश बोलणी वर येत होती. आम्ही पुष्कळ वेळ ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली. घरून लेकीसाठी कपडे आणायचे होते. मी म्हटलं, चालत जाऊ. यांनी पायाचे फोड दाखवले, मग मी माझे बघितले, आणि आम्ही गुपचूप रेल्वेत बसलो. या मार्गाने मी शेकडो वेळा गेलेय. त्या दिवशी खिडकीशी बसले. पहिल्या पुलाखालून हिरवं काहीतरी सरकलं आणि गेलं. थोड्या वेळाने पुन्हा, एका भिंतीआडून. मग बोगद्याच्या तोंडाशी. ती वाट सारखी आमच्या खालून, बाजूने, मागून येत होती.

शेजारी एक अनोळखी गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मला राहवलं नाही. मी त्यांना म्हटलं, जरा खाली बघता का? त्यांनी सभ्यपणे मान वाकवली, बघितलं, आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले. पुढच्या पुलावर मात्र त्यांनी आपणहून खाली पाहिलं. त्याच्या पुढच्या पुलावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.